तीस खाटांचा वॉर्ड

सात नंबरच्या खाटेवर लताबाई जरीची हिरवी साडी नेसून आडव्या झाल्या होत्या आणि छताकडे बघून हसत होत्या. कामिनीने वॉर्डाच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. आठ नंबरवर दोन्ही हातभर नव्या बांगड्या. अकरावर कुणीतरी डोक्यात अबोलीचा गजरा घालून आलेलं. बारावर कौतिकनाना, कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, आणि टोपी चुरगळू नये म्हणून उशी बाजूला सारून मान ताठ धरलेली. खाटांखाली चपला ओळीने लावलेल्या. पावडरचा वास, डोक्याच्या तेलाचा वास, आणि कुणाच्या तरी पिशवीतून येणारा वांग्याच्या भरिताचा वास. लग्नघरात पंगत उठल्यावर वऱ्हाड जिथे जागा मिळेल तिथे आडवं होतं ना, अगदी तसा तो वॉर्ड दिसत होता. मनाच्या आजाराचे म्हणून इथे दाखल असलेले खरे पेशंट चारच. ते आपापल्या खाटांवर उठून बसले होते आणि ह्या पाहुण्यांकडे टकामका बघत होते. लताबाईंनी तिला पाहिलं आणि त्या चटकन उठून बसल्या. “बाई, तुमना निरोप उना, मंग आम्ही बठ्ठा उनूत,” त्या अहिराणीत म्हणाल्या, निरोप मिळाला तसे सगळेच आलो म्हणून. उशाशी ठेवलेली पिशवी उघडून दाखवली तर आत नारळ, खण, पसाभर तांदूळ. “सत्कार शे ना आज तुमना? मी सांगं बठ्ठासले, चांगलं नेसी चला.”

सत्कार! कामिनीला हसू आलं आणि लगेच विरलं. निरोप तिचाच होता, कबूल. मंगळवारी चोपड्याला ओपीडी नाही, गाडी पाठवते, सगळ्यांनी इकडे मेडिकल कॉलेजात या, दिवसभर थांबावं लागेल, जेवण इथेच. कशासाठी, ते तिने सांगितलं नव्हतं. सांगायला जीभच रेटली नव्हती. आणि डॉक्टरीणबाई कधी नव्हे ते गाडी पाठवून बोलावते आहे म्हटल्यावर तिच्या त्या ओपीडीतल्या, केव्हाच बऱ्या झालेल्या सव्वीस माणसांनी एकच अर्थ काढला होता, बाईंचं काहीतरी चांगलं चाललंय. आल्यावर त्यांना खाटा दाखवल्या आणि झोपा म्हटलं, तर तेही त्यांनी निमूट ऐकलं. दवाखान्यातला सत्कार असाच होत असेल, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना.

गेल्या गुरुवारी हितेंद्रभाऊंचा फोन आला तेव्हा ती जेवत होती. हितेंद्रभाऊ म्हणजे कॉलेजचे कारभारी. माणूस वाईट नाही, पण कागद पूर्ण व्हायला हवा ह्यापलीकडे त्यांना जग नाही. मॅडम, आपल्या एमडीच्या तीन सीटसाठी समिती मंगळवारी येतेय, तीस खाटांपैकी निदान पंचवीस भरलेल्या दिसल्या पाहिजेत, तुमच्याकडे चार आहेत, काय करायचं ते तुम्हीच सांगा. तीन सीट! अकरा वर्षं झाली होती त्या तीन सीटच्या मागे धावायला. जळगाव आणि धुळे, दोन जिल्हे मिळून मनाचे डॉक्टर किती, तर एका जीपमध्ये बसतील आणि वर पाय पसरायला जागा उरेल. त्यांतले दोघे तिच्याहून म्हातारे. इथे तीन पोरं दरवर्षी शिकून बाहेर पडली असती तर पहूरला एक, जामनेरला एक, चोपड्याला एक असा हिशेब ती दर वर्षी रात्री झोपताना मांडायची आणि सकाळी पुसून टाकायची. तिने तर त्याच्याही पुढचं लिहून पाठवलं होतं. शिकणाऱ्याला एक सबंध वर्ष वॉर्डात ठेवूच नका, बाजाराच्या दिवशी तालुक्याला बसवा, जिथे आजारी माणूस घरच्यांबरोबर, बैलगाडीतून किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून येतो. किती माणसं कामाला लागली ते मोजा, कितीजण खाटेवर आहेत ते मोजू नका. तीनदा पाठवला तो प्रस्ताव. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, कृपया खाटांचा तपशील जोडावा. आणि गुरुवारी घास हातात धरून ती फोनवर म्हणाली, “बरं.” एवढंच, बरं. त्या एका शब्दाने चार दिवस तिचं डोकं खाल्लं होतं. स्वतःला ती समजावत होती, एका दिवसाचं तर आहे, कुणाचं काय बिघडतं, त्यातून तीन डॉक्टर मिळतात. सगळे करतात. सगळे करतात हे तर तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

कारण ती स्वतः कशी डॉक्टर झाली? मोठ्या शहरातलं ते उंच भिंतींचं इस्पितळ. परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला आलेली केस म्हणजे जीवराम. पन्नाशीचा, दाढी केलेला, इस्पितळाचा निळा सदरा घातलेला जीवराम. ती अडखळत प्रश्न विचारत होती आणि घड्याळ पुढे पळत होतं. तेव्हा जीवरामने मान खाली घालून, परीक्षकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं होतं, “मॅडम, कानात आवाज किती वर्षांपासून येतात ते विचारायचं राहिलं तुमचं.” तिने विचारलं. त्याने सांगितलं. मग म्हणाला, “घराण्यात कुणाला होतं का, ते पण विचारा. मामाला.” बावीस वर्षं तो दर परीक्षेला बसत होता, आणि त्याच्या जिवावर कितीतरी जण पास झाले होते. आवाज येणं त्याचं केव्हाच थांबलं होतं, हे तिला नंतर सिस्टरने सांगितलं. मग सोडत का नाहीत त्याला? सिस्टर म्हणाली, अहो, इतकी स्वच्छ केस दुसरी कुठे मिळणार? कामिनी पहिल्या वर्गात पास झाली. पेढे वाटले. जीवरामलाही दिला एक, तो त्याने दोन हातांनी घेतला. पुढच्या परीक्षेच्या वेळी तो होता, त्याच्या पुढच्याही होता, आणि ती इकडे खानदेशात निघून आली, आणि कित्येक वर्षं तिने त्याचं नाव मनात येऊ दिलं नाही. माणसाला आजारीच ठेवायचं, म्हणजे डॉक्टर तयार होतात. तिचं सगळं शिक्षण ह्या पायावर उभं होतं आणि आज त्यावर ती आणखी एक मजला चढवायला निघाली होती.

“अहो हे काय!” हितेंद्रभाऊ दारात उभे होते, कपाळाला हात लावून. “मॅडम, हे पेशंट आहेत की नवरदेवाकडची मंडळी? समिती धरणगावच्या फाट्याला पोचली. अर्ध्या तासात इथे. अहो, निदान आजारी तरी दिसू देत!” आणि तिच्या उत्तराची वाट न बघता ते दिपमाला सिस्टरकडे वळले. गजरे काढा, टोप्या काढा, चपला बाहेर ठेवा, बायकांना बांगड्या उतरवायला सांगा, केस मोकळे सोडायला सांगा. दिपमाला सिस्टर इथे वीस वर्षं काम केलेली, तिने एकदा कामिनीकडे बघितलं, कामिनीने नजर काढून घेतली, तेव्हा ती अबोलीवाल्या बाईकडे गेली. गजरा निघाला. कौतिकनानांची टोपी निघाली, खाली टक्कल, त्यावर टोपीचा वळ. ते ओशाळून हसले आणि तळहाताने डोकं झाकू लागले. सिस्टर सात नंबरपाशी आली. म्हणाली, लताबाई, जरा आंबाडा सोडता का? लताबाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून ते गेलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलंच नाही. कामिनीकडे पाहिलं. हात मानेमागे गेला, आकड्यापाशी थांबला. “सोडू का, बाई?” त्यांनी विचारलं.

त्या केसांची सगळी गोष्ट कामिनीला ठाऊक होती. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका बाबाच्या ठिकाणी लताबाई चार महिने होत्या, निंबाच्या झाडाला पायाने बांधलेल्या. केस सोडलेले, कारण बांधले की आत शिरलेलं बाहेर पडत नाही म्हणे. चार महिने ना फणी, ना तेल. नवऱ्याने ओपीडीत आणलं तेव्हा पाठीवर जट लोंबत होती, दोरखंडासारखी, आणि वास असा की बाकावरची माणसं उठून गेली. आई म्हणत होती देवीची आहे, कापू नका. कामिनीने कापा म्हटलं नाही. केसांचा विषयच काढला नाही. गोळ्या दिल्या, दर मंगळवारी या म्हटलं, आणि दर मंगळवारी त्यांच्याशी केळीविषयी बोलली, घड कधी उतरतो, पानं कशाने करपतात, मजूर मिळतात का. सातव्या महिन्यात एका मंगळवारी लताबाई आल्या त्या मानेपर्यंत कापलेले केस घेऊन. स्वतःच कापून घेतले होते, बहिणीकडून. कुणाला विचारलं नव्हतं. मग ते वाढत गेले. खांद्यापर्यंत. पाठीपर्यंत. आणि दोन वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या मंगळवारी, त्या ओपीडीच्या दारात येऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नुसत्या पाठमोऱ्या उभ्या, म्हणजे बाईंना आंबाडा दिसावा. कामिनीने त्या दिवशी पुढचा पेशंट पाच मिनिटं उशिरा बोलावला होता, कारण तिला डोळे पुसायचे होते. आणि तो आंबाडा सोडू का, असं त्या आज तिलाच विचारत होत्या. ती सोड म्हणाली असती तर त्यांनी सोडला असता. हेच तर भयंकर होतं. त्यांना वाटलं असतं, बाईंना आपण पुन्हा तशा दिसायला लागलो. सहा वर्षं बरी असलेली बाई खाटेवर केस सोडून झोपली असती, बाईंचं काम होऊन जावं म्हणून, आणि रात्री घरी जाऊन आरशात बघितलं असतं.

“नाही!” कामिनी म्हणाली. एवढ्या मोठ्याने की चार खऱ्या पेशंटांपैकी एकजण दचकून उभा राहिला. “कुणीही काहीही सोडायचं नाही. सिस्टर, नानांची टोपी द्या त्यांना. आधी टोपी द्या!” हितेंद्रभाऊ काही बोलू लागले, तिने हात वर केला. अंगात नुसता संताप उसळला होता, हितेंद्रभाऊंवर नाही, समितीवरही नाही, त्या घास हातात धरून बरं म्हणणाऱ्या बाईवर. “लताबाई, उठा. सगळे उठा. माझं चुकलं. सत्कार-बित्कार काही नाही. तुम्हाला आजारी म्हणून दाखवायला मी इथे आणलं. तुम्ही आजारी नाही. माझी अक्कल गहाण पडली होती.” कुणाला नीट कळलं नसावं. पण लताबाईंनी आकड्यावरचा हात खाली घेतला, हे तिने पाहिलं. “आते काय करानं मंग?” त्यांनी विचारलं. “बाहेर व्हरांड्यात बसा,” ती म्हणाली, “खुर्च्या आहेत. जेवण करून जा.” चादरी मागे सरल्या, चपला शोधल्या गेल्या, बांगड्या वाजल्या. दोन मिनिटांत सव्वीस खाटा मोकळ्या झाल्या. हितेंद्रभाऊ एका रिकाम्या खाटेवर मटकन बसले. “अकरा वर्षं, मॅडम,” ते म्हणाले, “मीच टाइप केलेत ते सगळे अर्ज.” त्यांचा आवाज भरून आला होता आणि ते नाटक नव्हतं. त्यांचं तिला खरंच वाईट वाटलं.

व्हरांड्यात स्वप्नील उभा होता. त्याला तोंड द्यायचं हेच तिला सगळ्यात जड वाटत होतं. पहूरचा पोरगा, एकतीस वर्षांचा, एमबीबीएस होऊन तीन वर्षं तिच्या हाताखाली. मनाचाच डॉक्टर व्हायचं, आणि इथेच, म्हणून थांबलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. “मॅडम, गेल्या साली मला लांब राजस्थानात सीट मिळत होती,” तो म्हणाला. आवाज खाली, पण एकेक शब्द चावून. “तुम्ही म्हणालात, थांब, आपलं होतंय. मी थांबलो. घरी आबा रोज विचारतात, अजून किती. तुमचं तत्त्व झालं, छान झालं. माझं काय?” बरोबर होतं त्याचं. शंभर टक्के बरोबर. तिला वाटलं, काहीतरी मोठं बोलावं, सेवा, सत्य वगैरे, पण असल्या शब्दांनी त्या पोराच्या तोंडाला पानं पुसणं तिला जमेना. “तुझं नुकसान झालं,” ती म्हणाली. “मी केलं. आजच नाही, गेल्या सालीच केलं, तुला थांबवलं तेव्हा. तुला जायचं असेल तर जा, मी चिठ्ठी देते, ओळखीच्या सगळ्यांना फोन करते. पण लताबाईंना केस सोडायला लावून तुला डॉक्टर करायचं, ते माझ्याने नाही झालं. मी तसली डॉक्टर आहे, स्वप्नील. मला माहीत आहे ते कसं असतं.” तो पाठ फिरवून जिन्याकडे चालू लागला. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं, आणि मन मात्र त्याच्यामागे दोन पायऱ्या उतरलं. त्याच्या जागी ती असती तर? जीवरामच्या वेळी ती अशी पाठ फिरवून गेली नव्हती. तिने पेढा दिला होता.

समितीत दोघेजण होते, पण बोलायचे ते एकच, स्वतः डॉक्टर, साठीचे, भारदस्त, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी वॉर्ड पाहिला. हितेंद्रभाऊ भिंतीला चिकटून उभे. “चार,” ते गृहस्थ म्हणाले. “तीस खाटा, पेशंट चार. आणि तुम्ही तीन सीट मागता?” कामिनी हो म्हणाली. “मॅडम, विद्यार्थी शिकणार कुणावर?” हा प्रश्न ऐकून तिला जीवरामचा चेहरा दिसला, सरळ, समोर, आणि ह्या वेळी तिने तो ढकलून दिला नाही. “बाहेर आहेत ते,” ती म्हणाली. “ह्या वॉर्डात गेल्या सहा वर्षांत आले आणि घरी गेले असे पाचशेच्या वर लोक आहेत. ते घरी आहेत म्हणून खाटा रिकाम्या आहेत. आम्ही कामच ते करतो, सर.” ते जरा हसले, कुत्सितपणे नाही, थकल्यासारखे. “मला कळतं हो. पण माझ्या कागदावर घरी गेलेल्याचा रकाना नाही. आणि खरं सांगू, बाकी ठिकाणी खाटा भरलेल्या दाखवतात. तुम्हाला तेवढंही जमलं नाही?” जमलं होतं, ती म्हणाली, सकाळी सव्वीस माणसं झोपवली होती मी इथे. हितेंद्रभाऊंनी डोळे मिटून घेतले. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “मग?” “मग उठवली.”

बाहेर पडताना ते व्हरांड्यात थबकले, आणि त्यांच्यामागे तीही. खुर्च्या एका रांगेत लागल्या होत्या. टेबलामागे स्वप्नील बसला होता, बाह्या वर दुमडून, पुढ्यात चोपड्याच्या मंगळवारचं जाडजूड रजिस्टर. म्हणजे जिना उतरून तो ते आणायला गेला होता. समोर कौतिकनाना टोपी घालून. “झोप कशी शे, नाना? जेवण जास का?” तो विचारत होता आणि लिहीत होता. त्याने समितीकडे मान वर करून पाहिलं नाही. रागावलेलाच होता अजून, कानाच्या पाळ्या लाल होत्या, तिच्याकडेही त्याने पाहिलं नाही. “हे काय चाललंय?” गृहस्थांनी विचारलं. “मंगळवार आहे, सर,” स्वप्नील म्हणाला. “मंगळवारी ह्या लोकांची ओपीडी असते. गोळ्या संपल्यात त्यांच्या.” आणि नानांना म्हणाला, “हात पुढे करा, गोळ्यांनी थरथरतो का बघू.” नानांचा हात गृहस्थांनीही पाहिला. एकदा त्यांचे ओठ हलले, जणू एखादा प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही. त्यांच्यातला डॉक्टर क्षणभर जागा झाला आणि पुन्हा कारकून झाला, असं कामिनीला वाटलं, आणि तिला त्यांची कीवही आली नाही.

कागद त्यांनी तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर पुढे केला. हितेंद्रभाऊंनी आधीच टाइप करून ठेवलेला, भरलेल्या खाटा, तीस. कामिनीने तो आकडा खोडला आणि वर चार लिहिलं, अक्षरी आणि अंकी. खाली सही केली, पूर्ण नावाची. “ह्याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?” ते म्हणाले. “हे वर्ष गेलं. आणि असाच वॉर्ड दाखवणार असाल, तर पुढच्या वर्षी आम्ही येऊन तरी काय उपयोग?”

“या ना,” कामिनी म्हणाली. “दर वर्षी या. पुढच्या वर्षी दोनच असतील.”